भिंतीवरचा नकाशा आणि तापीकाठची मुले

शहादा तालुक्यातील एका शाळेच्या चौथीच्या वर्गात आम्ही पाहुणे म्हणून गेलो होतो. शाळेचे नाव सांगण्याचे प्रयोजन नाही. आपल्यापैकी बहुतेकांच्या मुलांची शाळा तशीच असते. बाईंनी मोठ्या कौतुकाने वर्ग उभा केला आणि भारतातील राज्ये व त्यांच्या राजधान्या म्हणायला सांगितल्या. मुलांनी त्या एका दमात म्हणून दाखविल्या. काश्मीरपासून केरळपर्यंत एकही जिभेवरून घसरली नाही. आम्ही टाळ्या वाजविल्या. वाजविणे भागच होते. मग सहज विचारले, "बाळांनो, आपली तापी कोणीकडून येते आणि कोणीकडे जाते?"

वर्ग शांत झाला. अखेर एक चुणचुणीत मुलगा पुढे आला, त्याने भिंतीवरच्या नकाशाकडे पाहिले आणि बोट वरून खाली ओढले. "वरून खाली येते, फादर."

त्याचे काय चुकले? पाणी वरून खाली येते, हे त्याला ठाऊक होते. नकाशात वर म्हणजे उत्तर, हे कोणी त्याच्या मनात उतरविले नव्हते. तापी मध्य प्रदेशात बैतूल जिल्ह्यातील मुलताईला उगम पावते, पूर्वेकडून पश्चिमेकडे ७२४ किलोमीटर वाहते आणि सुरतेजवळ समुद्राला मिळते. हे त्याच्या पुस्तकात छापलेले होते आणि त्याने ते पाठही केले असावे. पण पुस्तकातली तापी आणि सारंगखेड्याच्या पुलावरून त्याने शंभरदा पाहिलेली तापी या त्याच्या लेखी दोन वेगवेगळ्या नद्या होत्या. "सातपुडा कोठे आहे?" या प्रश्नालाही त्याने नकाशावरच्या तपकिरी पट्ट्यावर बोट ठेवले. त्याच वेळी त्याच्या पाठीमागच्या उत्तरेच्या खिडकीतून खरा सातपुडा निळसर दिसत होता. त्याच्याकडे वर्गातल्या एकाही मुलाने मान वळविली नाही. बाईंनीही नाही.

पाठीमागच्या खिडकीतून, असे आम्ही म्हटले, कारण नकाशा दक्षिणेच्या भिंतीवर टांगलेला होता. वाचकांनी घरी एकदा करून पाहावे: दक्षिणेकडे तोंड करून उभे राहिले की पूर्व डाव्या हाताला येते, नकाशा मात्र ती उजव्या हाताला दाखवितो. म्हणजे त्या वर्गात रोज चाळीस मिनिटे मुलांना जगाची उलटी दिशा शिकविली जात होती. त्यात कोणाचा दुष्ट हेतू नव्हता. खिळा त्या भिंतीला होता, एवढेच. नकाशा उतरवून जमिनीवर पसरावा आणि त्यातला सातपुडा खिडकीतल्या सातपुड्याकडे येईपर्यंत फिरवावा, याला एक पैसा खर्च येत नाही. पण तसे केले की नकाशाला सुरकुत्या पडतात आणि तपासणीस आले म्हणजे वाईट दिसते!

आमचा आरोप स्पष्ट शब्दांत मांडतो. आमच्या प्राथमिक शाळांत, आणि त्यांत आम्ही ख्रिस्तसभेच्या शाळा अगत्याने मोजतो, भूगोल म्हणून जे शिकविले जाते ते दुसऱ्यांच्या गावांच्या नावांचे पाठांतर आहे. त्यातून मूल एक गोष्ट न सांगता शिकते, ती ही की नोंद घेण्याजोगी ठिकाणे अन्यत्र असतात आणि आपण जेथे जन्मलो ते ठिकाण त्यांत येत नाही. शेतकऱ्याच्या, भिल्लाच्या, पावऱ्याच्या मुलाला हा धडा चौथीतच पक्का झाला, तर पुढे त्याला आपल्या मातीची लाज का वाटते, असा प्रश्न आपण कोणत्या तोंडाने विचारणार?

आता सारंगखेड्याकडे वळू. मार्गशीर्ष पौर्णिमेला, दत्तजयंतीच्या दिवशी, तापीकाठच्या या गावी एकमुखी दत्ताची यात्रा भरते आणि तिच्यासोबत घोड्यांचा बाजार. या बाजाराची परंपरा तीनशे वर्षांहून जुनी म्हणून सांगितली जाते. राजस्थान, गुजरात, मध्य प्रदेश, उत्तर प्रदेश, पंजाब येथून व्यापारी शेकडो घोडे घेऊन येतात. कानांची टोके आत वळून एकमेकांना भिडलेला मारवाडी, त्याच्याच भाऊबंदांतला काठियावाडी, पांढराशुभ्र नुकरा, चारी पाय आणि तोंड पांढरे असलेला पंचकल्याणी. जाणते लोक अंगावरचे भोवरे पाहून शुभाशुभ ठरवितात. त्यावर आमचा विश्वास नाही, पण पाहणाऱ्यांच्या नजरेचे कौतुक वाटते. वर्षातून एकदा अर्धा भारत चारा-दाण्यासह आमच्या दारी येऊन उतरतो. आणि आमच्या शाळा त्या दिवसांत काय करतात? बाजूच्या वर्गात 'राजस्थानची राजधानी जयपूर' चालू असते.

गेल्या यात्रेला आम्ही धर्मशिक्षणाच्या वर्गातील नऊ मुलांना घेऊन गेलो. प्रत्येकाला एक वही दिली आणि पाच प्रश्न दिले: तुमचे गाव कोठे? येथे यायला किती रात्री लागल्या? वाटेत कोणत्या नद्या लागल्या? तुमच्याकडे पाऊस किती पडतो? घोडा तेथे काय खातो आणि येथे काय खातो? मुले आधी बुजली. मग घोड्यांना खरारा करणाऱ्या माणसांभोवती अशी काही जमली की व्यापारी गिऱ्हाईक सोडून त्यांच्याशीच बोलू लागले. त्यांच्यात एक म्हातारे गृहस्थ होते, मारवाडातले. एका मुलाने त्यांना त्यांच्या नदीचे नाव विचारले. ते म्हणाले, लूणी. मुलाने पुढे विचारले, ती कोणत्या समुद्राला मिळते? म्हातारबुवा हसले आणि आपल्या हिंदीत म्हणाले, बेटा, ती समुद्रापर्यंत पोहोचतच नाही, रणात जिरून जाते.

मुलगा आमच्याकडे धावत आला. "फादर, नदी समुद्राला मिळत नाही, असं कुठं असतं का?" त्याचा विश्वास बसेना. आम्ही त्याला सांगितले की म्हातारबुवा खरे बोलत आहेत. लूणी अरवलीत उगम पावते, कोरड्या मुलखातून जाते, खारी होते आणि कच्छच्या रणात संपते. तो बराच वेळ तापीकडे पाहत उभा राहिला. बंधाऱ्यामुळे पात्र तुडुंब होते. मग त्याने आपण होऊन विचारले, "मग आपली का पोहोचते?"

या एका प्रश्नात पाऊस आहे, उतार आहे, खडक आहे, काळी माती आहे, खान्देश आहे आणि वाळवंटही आहे. हा प्रश्न विचारणारे मूल भूगोल शिकू लागले आहे, आणि तो प्रश्न त्याला कोणत्याही पुस्तकाने सुचविला नव्हता. आपली नदी माहीत असल्यामुळेच दुसऱ्याच्या नदीचे त्याला नवल वाटले. ज्याला तापी ठाऊक नाही, त्याला लूणीचे आश्चर्य कसे वाटावे?

या उपक्रमानंतर आमच्याकडे तक्रार आली. धर्मग्रामातील एका श्रद्धाळू कुटुंबाने विचारले, "फादर, दत्ताच्या यात्रेत आपली मुले कशाला?" प्रश्न प्रामाणिक होता, म्हणून उत्तरही मोकळेपणाने देतो. हीच कुटुंबे त्या यात्रेत बैल पाहायला जातात, भांडी आणि घोंगड्या घेतात, पाळण्यात बसतात. तेव्हा श्रद्धेला धोका पोहोचत नाही. वही-पेन्सिल घेऊन गेल्यावर पोहोचतो काय? संत पौल अथेन्सला गेला तेव्हा डोळे मिटून बसला नव्हता. तो शहरभर हिंडला, तेथील वेद्या त्याने निरखून पाहिल्या आणि त्यांतल्या एकीपासूनच आपल्या भाषणाला आरंभ केला. अन्य धर्मीयांशी संवाद आणि सहकार्य करावे, असे द्वितीय व्हॅटिकन परिषदेने २८ ऑक्टोबर १९६५ च्या 'नोस्त्रा एताते' या घोषणापत्रात आपल्याला सांगून साठ वर्षे होऊन गेली. शेजाऱ्याच्या यात्रेला जाऊन आपला शेजारी कोण, कोठला, काय खातो, हे विचारणाऱ्या मुलाने त्यात कोणती आज्ञा मोडली, हे आम्हाला कोणी दाखवून द्यावे.

आणि धर्मशिक्षणाचाच विषय निघाला आहे, तर आमच्या घरातली चूकही उघड करतो. आमच्या मुलांना यार्देन नदी ठाऊक असते. पौलाचे तीन प्रवास ती नकाशावर रंगवितात. त्याचा आम्हाला आनंदच आहे. पण प्रभू येशूने स्वतः कसे शिकविले, हे आम्ही विसरलो. दयाळू शोमरोन्याच्या दाखल्यातला वाटसरू यरुशलेमहून यरीहोला 'उतरत' असतो, आणि हा उतार अगदी शब्दशः खरा आहे. यरुशलेम डोंगरावर आहे आणि यरीहो समुद्रसपाटीच्याही खाली. पंचवीस-सव्वीस किलोमीटरांत रस्ता सुमारे हजार मीटर उतरतो. ओसाड, वळणावळणाचा, लुटारूंना सोयीचा. ऐकणाऱ्यांपैकी कित्येक जण त्या वाटेने गेलेले होते. त्यांना वेगळे सांगावे लागले नाही. लूकच्या बाराव्या अध्यायात पश्चिमेला ढग उठला की पाऊस येणार हे तुम्हाला कळते, दक्षिणेचा वारा सुटला की उकाडा होणार हेही कळते, असे प्रभू लोकसमुदायाला म्हणतो. पश्चिमेला भूमध्य समुद्र आणि दक्षिणेला वाळवंट, म्हणून. त्या अडाणी गणल्या गेलेल्या शेतकऱ्यांना आभाळ वाचता येत होते, आणि प्रभूने त्यांची बोलणी केली ती आभाळ वाचता येते म्हणून नव्हे, तर काळाची लक्षणे ओळखता येत नाहीत म्हणून. आमच्या चौथीच्या वर्गाला यांतले पहिलेही येत नाही.

पालकांचा आक्षेप वेगळा आहे, आणि तो आम्ही हलका मानीत नाही. "फादर, शिष्यवृत्ती परीक्षेत घोडा काय खातो हे विचारीत नाहीत. राजधान्या विचारतात." खरे आहे. मूल पुढे जावे म्हणून पोटाला चिमटा घेऊन फी भरणाऱ्या आईबापांना आम्ही स्वप्नाळू वाटलो तर दोष त्यांचा नाही. पण पाठ केलेली यादी किती काळ टिकते, याचाही हिशेब करावा. १९९८ च्या १ जुलैपर्यंत सारंगखेड्याचे मूल 'माझा जिल्हा धुळे' म्हणत असे. त्या दिवसापासून ते 'माझा जिल्हा नंदुरबार' म्हणू लागले. त्याच्या पणजोबांचा जिल्हा होता पश्चिम खान्देश, आणि १९०६ पूर्वी नुसता खान्देश. २०१४ साली पालघर जिल्हा झाला आणि महाराष्ट्राचे जिल्हे छत्तीस झाले. त्याच वर्षी तेलंगण राज्य झाले. नंतर औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर झाले, उस्मानाबादचे धाराशिव, अहमदनगरचे अहिल्यानगर. आमचा नाशिक धर्मप्रांतसुद्धा १९८७ सालचा. त्याआधीच्या कॅथलिक मुलाने दुसरेच उत्तर लिहिले असते. सीमा माणसे आखतात आणि माणसेच पुसतात. गोमाई मात्र सातपुड्यातून उतरून प्रकाशे येथे तापीला मिळते, ती कोणत्याही शासन-निर्णयाने नव्हे. जे टिकते ते आधी शिकवा आणि जे बदलते ते त्याच्या आधाराने. राजधान्या मुले सहावीतही आठ दिवसांत पाठ करतील.

शिक्षकांचे म्हणणेही ऐकले. "फादर, पोर्शन कधी पुरा करायचा? मुलांना शाळेबाहेर न्यायचे तर परवानग्या, संमतिपत्रे. आणि काही झाले तर जबाबदार कोण?" हे ओझे खरे आहे. परंतु याच शाळांच्या सहली निघतात तेव्हा परवानग्या मिळतात, बसही मिळते. अलीकडे सहल केवडियाला जाते, २०१८ साली उभा राहिलेला १८२ मीटर उंचीचा सरदार पटेलांचा पुतळा पाहायला. जरूर जावे. पण समोरच्या सरदार सरोवराच्या पाण्याचा फुगवटा आपल्याच जिल्ह्यातील अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांपर्यंत पोहोचला, आपल्या तेहेतीस गावांवर बुडिताची पाळी आली, त्यांत मणिबेलीचे नाव पहिले, हे त्या मुलांना बसमध्ये कोणी सांगतो काय? बसमधल्या एखाद्या मुलाचे आजोबा त्याच गावांपैकी एकात जन्मलेले असण्याचा संभव आहे. ते पुनर्वसनाच्या वसाहतीत आता राहतात. त्या मुलाला पुतळ्याची उंची पाठ असते आणि आजोबांचे घर कोणत्या पाण्याखाली आहे हे ठाऊक नसते. धरण चांगले की वाईट, हा वाद मोठ्यांनी करावा. परंतु आपल्या जिल्ह्याचा नकाशा का बदलला, हे चौथीच्या मुलापासून लपविण्याजोगे नाही.

आणखी एका मुलाची गोष्ट सांगावीशी वाटते. दिवाळी झाली की सातपुड्याच्या पायथ्याची कितीतरी कुटुंबे मुकादमाबरोबर दक्षिण गुजरातेत ऊसतोडीला जातात. मुलेही सोबत जातात. हजेरीपटावर त्यांच्या नावापुढे महिनेच्या महिने गैरहजेरीची खूण पडते. असा एक मुलगा परत आला तेव्हा आम्ही त्याला विचारले, कोठे गेला होतास? त्याने नवापूर, सोनगढ, व्यारा, बारडोली अशी ठाणी क्रमाने सांगितली. कोठे गाडी बदलली, कोठे बोली बदलली, कोठे उसाची शेते सुरू झाली, कोठे विहिरीचे पाणी खारट लागले, सगळे सांगितले. वाटेत 'मोठे पाणी' लागते, म्हणाला. ते उकाईचे धरण होते. सारंगखेड्याखालून गेलेली तापीच तेथे अडविली आहे, असे आम्ही म्हणालो तेव्हा त्याचे डोळे मोठे झाले: "म्हणजे आपलंच पाणी आपल्या आधी तिथं गेलं होतं!" त्या वर्गातील सर्वांत अधिक भूगोल जाणणारे ते मूल होते. प्रगतिपुस्तकात भूगोलापुढे 'प्रगती असमाधानकारक' असा शेरा होता.

हा शेरा लिहिणाऱ्या हाताला आम्ही दोष देत नाही. त्या हाताला ज्याने असे शिकविले त्याला देतो. आणि सेमिनरीत आमचे शिक्षणही फारसे निराळे झाले नव्हते. रोमच्या टेकड्या आम्हाला पाठ होत्या. अस्तंभा सातपुड्यात आहे आणि १,३२५ मीटर उंच आहे, हे या जिल्ह्यात पाऊल टाकेपर्यंत ठाऊक नव्हते.

वास्तविक आमच्याच परंपरेत याहून चांगले गुरू होऊन गेले. १५७९ च्या नोव्हेंबरात गोव्याहून तीन येशूसंघीय धर्मगुरू अकबर बादशहाच्या भेटीला निघाले: फादर रुडॉल्फ अक्वाविवा, फादर फ्रान्सिस्को हेन्रिक्स आणि फादर अंतोनियो मोन्सेरात. १५८० च्या आरंभी सुरत सोडून, तापी ओलांडून, सातपुडा आणि नर्मदा पार करीत ते मांडू-उज्जैनच्या वाटेने फत्तेपूर सिक्रीला पोहोचले. म्हणजे आमच्या या तापीखोऱ्याचा प्रदेश त्यांनी डोळ्यांनी पाहिला. मोन्सेरात दर रात्री दैनंदिनी लिहीत. वाटेतल्या ठिकाणांचे अक्षांश त्यांनी मोजले, लोक काय पेरतात, नद्या कोठे उतारू आहेत याची विचारपूस केली आणि त्या टिपणांवरून उत्तर भारताचा नकाशा तयार केला. युरोपीय माणसाने प्रत्यक्ष मोजमापांवरून काढलेल्या या प्रदेशाच्या आद्य नकाशांत त्याची गणना होते. त्यांचे हस्तलिखित पुढे हरवले आणि १९०६ साली कलकत्त्याला संत पौलाच्या कॅथीड्रलच्या ग्रंथालयात सापडले. तीन शतके ग्रंथ हरवलेला राहिला, याचे आम्हाला तितके दुःख नाही. त्यामागची रीत आमच्याच शाळांतून हरवली, याचे आहे. चालावे, विचारावे, मोजावे, रात्री लिहावे, मग नकाशा काढावा. आम्ही उलट्या टोकाने सुरुवात करतो, नकाशापासून, आणि तेथेच थांबतो.

शासनाची पुस्तके वाईट आहेत, असे म्हणून सुटका करून घेण्याचीही सोय नाही. तिसरीच्या 'परिसर अभ्यासा'ची जिल्हानिहाय पुस्तके बालभारतीने काढली. २०२३ साली तर पाठ्यपुस्तकांत 'माझी नोंद' म्हणून कोरी पाने घालण्यात आली. त्यांवर मुलांनी आपली नदी, आपला ओढा, आपल्या बाजाराच्या वाटा काढाव्यात, इतकी साधी गोष्ट होती. आम्ही पाहिलेल्या बहुतेक पुस्तकांत त्या पानांवर फळ्यावरची प्रश्नोत्तरे उतरविलेली होती. उरलेली पाने कोरीच. २०२५ मध्ये तो प्रयोग मागे घेतला गेला. पाने गेली म्हणून हळहळण्याचा आम्हाला अधिकार नाही.

ठाणे-पालघरच्या वाचकांना ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांची कोसबाडची टेकडी जवळची आहे. वारल्यांची मुले गुरांमागे जातात म्हणून शाळेत येत नाहीत, तर शाळाच गुरांमागे कुरणात न्यावी, असे त्या दोघींनी ठरविले आणि करून दाखविले. त्यांच्यापाशी ना बस होती ना स्मार्ट फळा. आमच्या व्यवस्थापन मंडळाच्या बैठकीत नुकताच अशा फळ्याचा ठराव आला, किंमत ऐकून आम्ही गप्प बसलो. त्याच बैठकीत तापीकाठी महिन्यातून एक तास नेण्याची आमची सूचना 'पुढील बैठकीत विचारार्थ' ठेवण्यात आली.

२०२३ च्या सप्टेंबरात तापीला मोठा पूर आला तेव्हा सारंगखेड्याच्या पुलाजवळचा भराव खचून वाहतूक थांबली होती. वरच्या धरणांतून पाणी सोडले की ते येथे किती वेळाने पोहोचते, कोणता काठ आधी बुडतो, गावातली कोणती गल्ली उंचावर आहे, हे गावच्या वृद्ध भोई-कोळ्यांना विचारून मुलांनी नकाशा काढावा, अशी आमची इच्छा आहे. तीन शिक्षिका तयार झाल्या आहेत. एकीने विचारले, "फादर, हे परीक्षेत येईल का?" दुसरीने तिला परस्पर उत्तर दिले, "पुरात येईल."

येत्या मार्गशीर्ष पौर्णिमेला आम्ही पुन्हा घोडेबाजारात जात आहोत. या वेळी त्या नऊ मुलांबरोबर त्यांचे वर्गशिक्षकही असावेत, अशी विनंती संबंधित मुख्याध्यापकांना पत्राने केली आहे. लूणीवाले म्हातारबुवा पुन्हा येतील की नाही, ठाऊक नाही. मुलाने त्यांच्यासाठी तापीचा नकाशा काढून ठेवला आहे. त्यात मुलताई उजवीकडे आहे, सुरत डावीकडे, आणि मध्ये सारंगखेडे इतके मोठे की प्रकाश्याला जागाच उरलेली नाही.